"तात्पुरती" स्थगिती म्हणजे नक्की किती दिवसांची? (बैलगाडा, आरक्षण आणि अपिलाची वाट)

घाटकरी

परवा गावच्या यात्रेत घाटाच्या (शर्यतीच्या धावपट्टीच्या) कडेला उभं राहून माझं आणि चुलतभावाचं जुंपलं. तो म्हणाला, "सतरा साली हायकोर्टानं बंदी घातली." मी म्हणालो, "बंदी नव्हती, अंतरिम स्थगिती होती." आजूबाजूचे हसायलाच लागले. एक म्हातारबा म्हणाले, "लेकरा, चार वर्षं गाडा गोठ्यामागं पावसात पडून होता. तुझी तात्पुरती तुझ्यापाशी ठेव."

घरी येऊन तारखा मांडल्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लिकट्टू (बैलाला काबूत आणण्याचा तमिळ खेळ) आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. तो अंतिम निकाल होता, त्याबद्दल इथे तक्रार नाही. मग ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना वाट करून दिली आणि पाचव्या दिवशी, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या जानेवारीत जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर माणसांचा समुद्र उसळला, तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला, आणि ३१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये तसाच कायदा केला. राष्ट्रपतींची संमती आली, जुलैत तो लागू झाला. आमच्याकडे पेढे वाटले. १६ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, नियम झाल्याशिवाय कुठेही परवानगी देऊ नका. सरकारने नियम केले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तरीही स्थगिती उठवली नाही. बैलाची शरीररचनाच धावण्यासाठी नाही, हा मुद्दा आला. सरकार दिल्लीला गेलं. तिथे फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूसह सगळा विषय घटनापीठाकडे (घटनेचे प्रश्न ठरवणाऱ्या पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठाकडे) गेला आणि झोपला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली. म्हणजे दिवसाला दिवस धरून चार वर्षं चार महिने. घटनापीठाचा निकाल त्यानंतर, १८ मे २०२३ ला आला आणि तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे टिकले.

आमचा बैल सोन्या स्थगिती आली तेव्हा दुसा (दोन दाती, कोवळा) होता. उठली तेव्हा जुळून (सगळे दात येऊन) दोन वर्षं झाली होती. ज्या वयात बैल घाट मारतो, ते सगळं वय "पुढील आदेशापर्यंत" या दोन शब्दांत गेलं. आण्णा त्याला तरी रोज पहाटे फिरवायला न्यायचे, दूध-अंडी चालूच. आई म्हणायची, "कोर्टाला खुराक पाठवा एकदाचा."

तर जाणकारांना विचारतो. सरकार हरलेलं नव्हतं, कायदा रद्द झालेला नव्हता. मग तात्पुरत्या आदेशावर अपील करायला आणि ते ऐकलं जायला इतकी वर्षं का लागतात?

पायरीवरचा

खुर्ची पुढे ओढली आहे. वकिलांनो, या.

काळा_कोट

घाटकरी, मांडणी चोख. प्रश्नात मात्र एक गफलत आहे, आणि ती नव्वद टक्के पक्षकार करतात. तुम्ही समजता अपिलात प्रश्न असतो "शर्यत योग्य की अयोग्य". तसं नसतं. अंतरिम आदेशावरच्या अपिलात प्रश्न एवढाच असतो: मूळ खटला चालू असेपर्यंत वाट बघण्याचा भुर्दंड कोणी सोसायचा?

खालच्या कोर्टाने तीन गोष्टी बघायच्या असतात. प्रथमदर्शनी बाजू आहे का, सोयीचं पारडं कुणाकडे झुकतं, आणि आदेश न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल का. हे तिन्ही बघून कोर्टाने आपला विवेक वापरला असेल, तर "मी असतो तर वेगळा वापरला असता" एवढ्यावर वरचं कोर्ट हात घालत नाही. आदेश मनमानी किंवा विकृत आहे, कायद्याचं मूलतत्त्वच सोडून दिलंय, असं दाखवावं लागतं. १९९० च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स या निकालातली ही शिकवण आम्ही उठता-बसता ऐकतो. खटला ट्रेडमार्कचा होता, पण तत्त्व सगळीकडे फिरतं.

आता वाट. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी रिटमध्ये आदेश दिला, तर त्याच इमारतीत दोन न्यायमूर्तींपुढे लेटर्स पेटंट अपील करता येतं. तेही प्रत्येक अंतरिम आदेशावर नाही. ज्या आदेशाने पक्षकाराच्या हक्काचा काहीतरी निकाल लागतो, त्यावरच. १९८१ च्या शहा बाबुलाल खिमजी निकालात याची लांबलचक चर्चा आहे, आणि तो खटला आपल्या मुंबईचाच. पण जनहित याचिका मुळातच दोन न्यायमूर्तींपुढे चालते. तिथे आतल्या आत अपील नाही. सरळ दिल्ली, अनुच्छेद १३६, म्हणजे एसएलपी. ते अपीलसुद्धा नव्हे, अपील करू द्या अशी विनंती. कोर्टाने ऐकायलाच हवं असं नाही. अंतरिम आदेशावरच्या एसएलपीत ठरलेलं उत्तर असतं: "उच्च न्यायालयात जा, सुनावणी लवकर घ्या अशी विनंती करा, आम्ही मध्ये पडत नाही."

तुमच्या बैलांचं तर त्याहून वाईट झालं. तुमचं मॅटर घटनापीठाच्या डब्याला जोडलं गेलं. इंजिन हलेपर्यंत डबा जागेवर.

टेबल_नंबर_चार

मंत्रालयात तीस वर्षं काढली, म्हणून वकीलसाहेब जे सांगायचं सभ्यपणे टाळत आहेत ते सांगतो. वर्षं काही फक्त कोर्टात जात नाहीत.

स्थगितीचा आदेश झाला की आधी प्रमाणित प्रत यायची. मग सरकारी वकिलांचा अभिप्राय: अपिलास योग्य की अयोग्य. तो घेऊन फाइल विधी व न्याय विभागाकडे. तिथून "प्रशासकीय विभागाने परिच्छेदनिहाय अभिप्राय सादर करावेत" असा शेरा मारून परत. मग विभाग जिल्ह्याकडून माहिती मागवणार. मग मान्यता. मग दिल्लीतल्या सरकारी ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डकडे (सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करणाऱ्या वकिलाकडे) कागद, आणि तिथे कळणार की शंभर पानं मराठीत आहेत, इंग्रजी भाषांतर हवं. एसएलपीला मुदत नव्वद दिवसांची. मुदत टळली की विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात लिहायचं "फाइल विविध स्तरांवर विचाराधीन होती". २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला, तेव्हा आमच्या मजल्यावर आठ दिवस त्याचीच चर्चा. नवव्या दिवशी फाइल पूर्वीच्याच वेगाने.

राजकारण तापलेलं असेल तर हेच सगळं तीन दिवसांत होतं, हेही सांगतो. मी स्वतः रात्री अकराला सही घ्यायला बंगल्यावर गेलोय.

अवांतर: स्थगिती कधीकधी खात्याला सोयीचीही असते. योजना चालवायला पैसे नाहीत, कर्मचारी नाहीत, आणि वरून विचारलं तर "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे". हे तीन शब्द मी स्वतः किती टिपण्यांत लिहिले याची मोजदाद नाही.

पायरीवरचा

टेबलसाहेब, दंडवत. "न्यायप्रविष्ट" म्हणजे शासकीय हिवाळी झोप.

काळा_कोट

टेबल_नंबर_चार यांना अनुमोदन, आणि पुस्तकातला दाखलाही देतो. तंबाखूच्या दुकानांवरच्या जाहिरातींबाबत केंद्राने २००५ मध्ये नियम केले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांना स्थगिती मिळाली. ती उठली सर्वोच्च न्यायालयात, २०१३ मध्ये. आणि दाद मागायला गेलं होतं कोण? एक स्वयंसेवी संस्था. नियम सरकारचे, स्थगिती सरकारवर, धावपळ तिसऱ्याची. त्याच निकालात न्यायालयाने बजावलं की विधिमंडळाने केलेला कायदा घटनेला धरूनच आहे असं गृहीत धरून चालायचं असतं, त्यामुळे कायद्याला अंतरिम स्थगिती देताना हात फार आखडता हवा.

शेपूटवाली

पशुवैद्य आहे. इथे मी नावडती होणार, माहीत आहे.

घाटकरीदादा, तुमच्या सोन्याचं वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण "भरून न येणारं नुकसान" फक्त तुमच्याच गोठ्यात होतं का? २०१४ च्या निकालात न्यायालयापुढे काय आलं होतं ते वाचा: शेपट्या पिरगळणं, चावणं, टोचण्या. माझ्या टेबलवर यात्रेच्या हंगामात पुढचा पाय मोडलेले बैल यायचे. मोठ्या जनावराचा तो पाय नीट सांधणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. समजा १६ ऑगस्टला हायकोर्टाने सोडून दिलं असतं, चार वर्षं शर्यती झाल्या असत्या, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा रद्द केला असता. मग? त्या पायांचं अपील कुठे करायचं?

स्थगिती देणाऱ्या न्यायमूर्तींपुढे हाच पेच असतो. दोन्हीकडे न परतणारं काहीतरी असतं, आणि निकाल काय लागणार हे कुणालाच ठाऊक नसतं. त्या दिवशी नियमसुद्धा झालेले नव्हते. नियम नसताना कशाच्या भरवशावर परवानगी द्यायची?

घाटकरी

ताई, नावडती कशाला. टोचणी लावणाऱ्याला आमच्या घाटावरून हाकलायलाच पाहिजे. आताच्या कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती असावीच. नियमही मान्य: हजार मीटरच्या आत धाव, डॉक्टरांची तपासणी, सगळं. १६ ऑगस्टचा आदेश मला आजही समजतो. मला सलतं ते नंतरचं. नियम झाले, तरी उठली नाही. तमिळनाडूत तसाच कायदा, तिथे जल्लिकट्टू सुरू. कर्नाटकात कंबळा (रेड्यांची शर्यत) सुरू. इकडे आम्ही चाकण मार्केटला बैल विकायला उभे. एकाच देशात, एकाच घटनापीठापुढे असलेल्या तीन कायद्यांना दोन वागणुकी.

काळा_कोट

आणि शेवटी नेमका तोच मुद्दा चालला! डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यत चांगली की वाईट यात शिरायचं टाळलं. म्हणालं, तिन्ही राज्यांच्या कायद्यांची वैधता एकाच घटनापीठापुढे आहे, महाराष्ट्राचा कायदा इतर दोघांसारखाच आहे, मग निकालापर्यंत व्यवस्थाही सारखीच हवी. धाग्याच्या सुरुवातीला "हे वाक्य लक्षात ठेवा" म्हणालात ते बरोबर ठिकाणी ठेवलंत.

शेपूटवाली, तुमचाही मुद्दा शंभर टक्के कायदेशीर आहे. सोयीचं पारडं म्हणतात ते हेच. आम्ही वकील दोन्ही बाजूंनी तोच शब्द वापरतो, फी मात्र वेगवेगळी घेतो.

अकरावी_वीसवीस

बैलांचं वय निघालंच आहे तर माणसांचंही काढते. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं. माझी अकरावीची पहिली यादी लागून गेली होती, दुसरी दुसऱ्या दिवशी लागणार होती. ती लागलीच नाही. नोव्हेंबरअखेर सरकारने ठरवलं की एसईबीसीतून (म्हणजे या मराठा आरक्षणाच्या कोट्यातून) अर्ज केलेल्यांना खुल्यात धरायचं, मग गाडी हलली. तोवर मी घरात बसून दहावीचीच पुस्तकं चाळत होते. कोविडमुळे तसंही कॉलेज बंद होतं म्हणा.

त्या वेळी टीव्हीवर रोज "सरकार अपील करणार" अशी पट्टी फिरायची. वरचं कोर्टच नाही तर अपील कुठे, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

काळा_कोट

पट्टी चुकीची होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अपील नसतं. त्याच न्यायालयाला "स्थगिती उठवा" असा अर्ज करायचा. राज्याने तो २१ सप्टेंबरला केला. ९ डिसेंबरला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्थगिती उठवायला नकार दिला, मार्चमध्ये सलग सुनावणी झाली आणि ५ मे २०२१ ला कायदाच रद्द झाला. आठ महिन्यांच्या आत अंतिम निकाल. न्यायालयाच्या मापाने ही धावच म्हणायची. पण शैक्षणिक वर्ष त्याहून लवकर संपतं.

याच विषयात २०१४ ची गोष्ट जास्त बोलकी आहे. तेव्हाच्या अध्यादेशाला उच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबरला स्थगिती दिली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ डिसेंबरला तिथे हस्तक्षेपाला नकार मिळाला. सरकारने लगेच, त्याच महिन्यात, अध्यादेशाच्या जागी कायदा करून टाकला. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कायद्यालाही स्थगिती दिली. अपील फसलं की कागद बदलून बघायचा, हा जुना डाव. कागद बदलला तरी आक्षेप तोच राहिला, की स्थगितीही मागोमाग येते.

टेबल_नंबर_चार

मंडल आठवा, केंद्राच्या नोकऱ्यांतलं ओबीसी आरक्षण. १३ ऑगस्ट १९९० चा आदेश, १ ऑक्टोबर १९९० ला स्थगिती, निकाल १६ नोव्हेंबर १९९२. दोन वर्षं वर. तेव्हा आम्ही म्हणायचो, किती वेळ लावतात! आता वाटतं, नऊ न्यायमूर्ती एकत्र बसवून तेवढ्यात उरकलं, हे फारच झालं.

रोखठोक_राजा

मला हे काही समजत नाही. लोकांनी निवडून दिलेलं सरकार धोरण आखणार आणि कोणीतरी एक याचिका टाकून ते अडवणार. असे अंतरिम आदेश द्यायचा अधिकारच काढून घ्या.

पायरीवरचा

राजे, १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांची अंमलबजावणी थांबवली तेव्हाचा इथला धागा उघडून बघा. तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि शिव्या घालणारे कोण, आणि आरक्षणाच्या स्थगितीला तेच लोक काय म्हणत होते. आयडी तेच, बाजू उलट्या. मीही त्यात आहे, म्हणून नावं घेत नाही.

काळा_कोट

अधिकार काढून घेण्याचा प्रयत्न आणीबाणीत बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने बऱ्यापैकी झाला होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सावरला आणि मधला मार्ग काढला: अनुच्छेद २२६(३). समोरच्याला याचिकेची प्रत न देता, त्याचं न ऐकता एकतर्फी स्थगिती दिली असेल, तर तो ती उठवण्याचा अर्ज करू शकतो आणि उच्च न्यायालयाने तो दोन आठवड्यांत निकाली काढायचा. नाही काढला तर स्थगिती आपोआप संपते, असं तिथे लिहिलंय. हे "आपोआप" किती सक्तीचं, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत.

दुसरा प्रयोग २०१८ चा. सर्वोच्च न्यायालयाने एशियन रिसर्फेसिंग निकालात सांगितलं, स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, कारण देऊन वाढवली तरच चालू राहील. ऐकायला गोड. प्रत्यक्षात ज्याचा काही दोष नाही, ज्याचं मॅटर फक्त बोर्डावर आलं नाही, त्याचीही स्थगिती उडायला लागली. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी तो नियम मोडीत काढला. आता परत ज्याच्या त्याच्या वकिलाच्या चिकाटीवर.

नेवार्ककर

न्यू जर्सीहून. उशिरा आलो, पण माझंही बैलासारखंच झालंय.

मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. २०२५ च्या जानेवारीत बायकोला सातवा महिना. २० तारखेला ट्रम्पनी सही केली: आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर इथे जन्मलेलं मूल जन्माने नागरिक नाही, आणि हे तीस दिवसांनंतरच्या जन्मांना लागू. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. कुणी तर डॉक्टरला विचारून आलं की आधीच सिझेरियन करता येईल का. २३ तारखेला सिएटलच्या एका न्यायाधीशांनी आदेश रोखला.

इथे दोन पायऱ्या आहेत. पहिली, तात्पुरता मनाई हुकूम, टीआरओ. चौदा दिवसांचा, सबळ कारण असेल तर अजून तेवढाच. त्यावर सहसा अपीलच नसतं, कारण अपील ऐकेपर्यंत तो संपतो. दुसरी, प्राथमिक मनाई. ती खटला संपेपर्यंत चालते, तिच्यावर अपील होतं. म्हणून "तात्पुरता" म्हणजे किती, याचं उत्तर इथे निदान नियमात छापलेलं आहे.

पण सरकारने अपिलात काय केलं ते बघा. नागरिकत्वाचा मुद्दा त्यांनी त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे नेलाच नाही. ते म्हणाले, एका जिल्हा न्यायाधीशाचा आदेश अख्ख्या देशाला कसा लागू? २७ जून २०२५ ला सहा विरुद्ध तीन मतांनी ते त्यावर जिंकले: असे देशव्यापी मनाई हुकूम बहुधा न्यायाधीशांच्या अधिकाराबाहेरचे. मूळ धोरण घटनेत बसतं का, यावर त्या निकालात अवाक्षर नाही. मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी बाळांचा एक वर्ग मानून पुन्हा आदेश रोखला.

काळा_कोट म्हणतात ते इथे तंतोतंत. भांडण वाट कोणी बघायची याचंच होतं. आमची मुलगी मार्चमध्ये झाली, स्थगिती चालू असताना. पासपोर्ट आला. आई पुण्याहून विचारते, "आता परत घेणार नाहीत ना गं?" सूनबाईला विचारते, मला नाही. मला कायद्यातलं कळत नाही असं तिचं ठाम मत आहे.

शेपूटवाली

नेवार्ककर, अभिनंदन हो! बघा, तुमच्याकडे स्थगितीने मूल वाचवलं आणि घाटकरींकडे तिनेच बैल बसवला.

सरपंचाचा_भाऊ

सगळं वाचलं. आमचं काम छोटं आहे, पण विचारतो. शासनाच्या एका योजनेत आमच्या गावाची निवड झाली, शेजारच्या गावातल्या कुणीतरी उच्च न्यायालयातून स्थगिती आणली. आम्हाला कळलं ते तलाठ्याकडून. अकरा दिवस झाले. म्हणजे त्या २२६(३) प्रमाणे अजून तीन दिवसांत आपोआप उठणार ना? थांबावं का?

काळा_कोट

थांबू नका! दोन आठवडे स्थगितीच्या तारखेपासून मोजत नाहीत. तुम्ही उठवण्याचा अर्ज कराल आणि त्याची प्रत याचिकाकर्त्याला द्याल, तिथून घड्याळ सुरू. अर्ज नाही तर घड्याळच नाही. दोन गोष्टी आधी बघा. ग्रामपंचायत त्या याचिकेत प्रतिवादी आहे का, नसेल तर आधी सामील होण्याचा अर्ज. आणि आदेशाच्या वेळी सरकारी वकील हजर होते का. त्यांचं म्हणणं ऐकून आदेश झाला असेल, तर एकतर्फी म्हणता येणं कठीण आहे.

सरपंचाचा_भाऊ

आदेशात "सरकारी वकिलांनी सूचना घेण्यासाठी वेळ मागितला" असं लिहिलंय.

टेबल_नंबर_चार

ती सूचना आत्ता कुठल्यातरी टेबलवर आहे. खात्याची वाट बघू नका. गटविकास अधिकाऱ्यांकडे माणूस पाठवा, परिच्छेदनिहाय अभिप्राय त्याच्या हातानेच पुढे न्या.

काळा_कोट

आदेशाची प्रमाणित नक्कल उद्या सकाळीच मागा, याचिकेची पूर्ण प्रत सरकारी वकिलांकडून घ्या. ग्रामसभेचा ठराव असेल तर इंग्रजी भाषांतर आजपासून करायला घ्या. बाकी व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे गावाचं नाव नको.

घाटकरी

भाषांतराला माणूस लागला तर सांगा. चार वर्षांत तेवढं शिकलोय.